आतल्या खिशाचं माप

माझा धाकटा भाऊ अंगावर पिस्तूल बाळगायचा. एवढं सांगितलं की लोक जरा सावरून बसतात आणि विचारतात, "काय करतात ते?" मी म्हणते, शिंपी आहे. कोट शिवतो. मग सगळ्यांचे चेहरे उतरतात. पिस्तूलवाल्या माणसामागे काहीतरी भानगड असावी, निदान एखादा वाकडा भाऊबंद तरी असावा, अशी लोकांची अपेक्षा असते. वाकडं म्हणावं असं त्याच्या आयुष्यात एकच, त्याच्या जुन्या मशीनचं चाक. शत्रू जमवायचे तर भांडावं लागतं, आणि हा तर बाही बोटभर आखूड झाली म्हणून अंगावर ओरडणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा "बसा, पाणी घ्या" म्हणणारा.

त्याला सगळे मास्तर म्हणतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवली मी, आणि घरातला मास्तर तो. असो. ती तक्रार जुनी आहे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे मोठी काच, काचेत डोकं नसलेला पुतळा, मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल. टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. कोपऱ्यात एक खुर्ची आहे ती माझी. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी तिथे पेपर वाचते, कारण माझ्या घरात वाद घालायला कुणी नाही. आतल्या दाराला पडदा, पडद्यामागे माझी भावजय. तिला बाहेरचं सगळं ऐकू येतं आणि ती तिथूनच उत्तरं देते.

दुकानाबाहेर वडिलांच्या वेळची पाटी आहे. "रोज खिशात जे ठेवता, ते घेऊनच मापाला यावे." वडील म्हणायचे, रिकाम्या माणसाचं माप घेऊन काय उपयोग, तो रिकामा फिरतो थोडाच? सुतार आपली घडीची पट्टी घेऊन यायचा, डॉक्टर नळी घेऊन. एका तुतारीवाल्यानं तुतारीचं तोंड आणलं होतं. आलेल्यानं खिशातलं सगळं आधी टेबलावर मांडायचं, शिंप्यानं ते बघायचं, हातात घेऊन वजन अजमावायचं, मग परत खिशात घालून माप घ्यायचं. म्हणून आमच्याकडचा कोट भरल्या खिशांनीही अंगावर सरळ पडतो. भावानं ही पद्धत जशीच्या तशी चालू ठेवली, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आधी आला दातांचा डॉक्टर. त्यानं चष्मा ठेवला, किल्ल्या ठेवल्या, रुमाल ठेवला आणि मग अगदी सहज, किल्ल्यांच्या शेजारी पिस्तूल ठेवलं. मी पेपर खाली केला. भावानं ते दोन बोटांनी उचललं, वजन बघितलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला ठेवता?"

हात वर करून उभं केलं, छातीभोवती टेप आली, की माणूस बोलायला लागतो. का ते मला माहीत नाही, पण आयुष्यभर बघत आले आहे. दातवाला हात वर करून म्हणाला, "दाढ काढताना माणूस डोळ्यांनी काय काय बोलतो, ते तुम्ही बघितलं नाहीत मास्तर. एखाद दिवशी कुणीतरी ते खरं करेल."

"श्वास सोडा," मास्तर म्हणाले.

पुढच्या हंगामात फर्निचरच्या दुकानाचा मालक आला. त्याच्याही किल्ल्यांशेजारी तीच वस्तू. कारण काय? तर तो दातवाल्याकडे दाढ दाखवायला गेला होता. दातवाला तोंडात वाकला आणि कोटाची कड उघडली. "आता तुम्हीच सांगा मास्तर, तोंड उघडं ठेवून मी दाढेकडे लक्ष देऊ की त्याच्या खिशाकडे? उद्या हा माणूस समोरून आला तर?" मग आला औषधवाला, कारण फर्निचरवाला त्याच्याकडे हल्ली रोज झोपेच्या गोळ्या मागायला यायचा आणि त्याची नजर त्याला बरी वाटेना. मग गाणं शिकवणारी बाई आली. तिनं स्पष्टच सांगितलं, "मला कुणाची भीती नाही. पण सगळ्यांकडे आहे म्हणतात. आपण एकटंच बिनपिस्तुलाचं कशाला राहायचं?"

भावानं सगळ्यांना डाव्या बगलेखाली खिसे शिवून दिले. दुहेरी अस्तराचे, बाहेरून सुरकुतीही दिसू नये असे. आणि गिऱ्हाइकाच्या खिशातलं बाहेर बोलायचं नाही, हाही वडिलांचाच नियम. दुकानात बसणारी म्हणून मला सूट होती, तीही ऐकण्यापुरती.

झालं असं, की अख्ख्या रस्त्यावर कुणाच्या कोटात काय आहे ते नेमकं माहीत असलेला माणूस एकच उरला, आणि त्याच्या स्वतःच्या खिशात खडू होता.

तो घाबरला. अगदी हळूहळू, चांगल्या शिंप्यासारखा, एकेक टाका घालत घाबरला. आधी रस्त्यातून माझ्याबरोबर चालताना समोरून दातवाला दिसला की तो पलीकडे जायचा. मग औषधवाल्याकडे भावजयीला पाठवायला लागला. मी एकदा भर रस्त्यात त्याची बाही धरली. "अरे, काय चाललंय तुझं? ही तुझीच गिऱ्हाइकं ना?"

"आक्का, तुला नुसते कोट दिसतात," तो म्हणाला. "मला आतले खिसे दिसतात. हा बघ, दातवाला नमस्कार करतोय. उजव्या हातानं. डावी बगल बघ त्याची, कशी आवळून धरलीय."

"खाज सुटली असेल."

"तू शिकलेली आहेस म्हणून हसतेस."

मी शिकलेली आहे म्हणूनच हसत नव्हते, पण ते जाऊ दे.

परवान्यासाठी गेला तेव्हा मी सोबत होते. अधिकारी चांगला माणूस, भावाचंच गिऱ्हाईक. त्यानं विचारलं, "कुणी धमकी दिली आहे का?"

"नाही."

"आधी कधी हल्ला वगैरे?"

"छे."

"मग मास्तर, कशाला हवंय?"

"स्वसंरक्षणासाठी."

"पण कुणापासून?"

भावानं खूप विचार केला. नावं तर घेता येत नव्हती, नियम आड येत होता. शेवटी म्हणाला, "सगळ्यांपासून." अधिकाऱ्यानं मान डोलावली, कारण त्याचंही तेच मत होतं. सही करायला वाकला तसा त्याचाही कोट डावीकडे ओढला गेला, आणि भावानं मला कोपरानं ढोसलं.

बायकोला त्यानं वेगळंच कारण सांगितलं. म्हणे दुकानात भारी कापड असतं, चोर आला तर? पडद्याआडून उत्तर आलं, "चोर कापड नेईल आणि शिवायला कुठे टाकेल? आणेल इथेच. तेव्हा धरा." मला सांगितलं, "आक्का, उद्या तुझ्यावरच काही वेळ आली तर?" म्हटलं, माझ्यावर यायच्या त्या सगळ्या वेळा येऊन गेल्या, आता फक्त गुडघे उरलेत आणि त्यांना गोळी लागू पडते ती औषधवाल्याची.

तर पिस्तूल आलं. आणि मग त्यानं स्वतःसाठी कोट शिवला.

हा कोट म्हणजे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चोख कामगिरी, हे मी त्याच्यावर चिडलेली असतानाही सांगते. राखाडी, जाडसर, खांद्याला असा बसलेला की माणूस जन्मतःच तो घालून आला असावा. पण शिंप्याचं काम वाकण्याचं. पहिल्याच आठवड्यात तो एका बँकवाल्याच्या पॅंटची दुमड मारायला गुडघ्यावर बसला आणि पिस्तूल सटकून थेट बँकवाल्याच्या अंगठ्यावर पडलं. उडालं नाही, नशीब. पण अंगठा काळानिळा झाला. स्वसंरक्षणाचा तो पहिला बळी.

म्हणून त्यानं खिशाला झाकण लावलं आणि झाकणाला बटण. बटण वाकताना ताणलं जातं, म्हणून दुसरं बटण. तरी आत वस्तू हलते, म्हणून एक छोटा पट्टा. काजं हातानं केलेली, रेशमी दोऱ्याची, घट्ट. एके दिवशी मी छत्री त्याच्यावर रोखली आणि म्हटलं, "समज मी दरोडेखोर आहे. काढ."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या महिन्यात येते."

तो कोटात हात घालून चाचपडायला लागला. एक बटण निघालं. दुसऱ्याचं काज नवं होतं. "थांब आक्का, ओढलं तर दोरा जाईल." मी खुर्चीत बसले, पेपर उघडला आणि शोकवार्ता वाचून काढल्या. "या पानावर तुझी जागा धरून ठेवू का?" असं विचारलं तेव्हा कुठे पट्टा सुटला.

त्यात कोट डावीकडे कलायला लागला. दुसऱ्याच्या अंगावरचा कोट कललेला त्याला चालत नाही, स्वतःच्या अंगावरचा कसा चालेल? त्यानं उजव्या बाजूच्या दुमडीत शिशाचे तुकडे शिवले. तोल साधला. आता तो एक पिस्तूल आणि पिस्तुलाएवढं शिसं घेऊन फिरायला लागला. खांदा धरला. शेकायला जावं लागायचं. तिथल्या बाईनं विचारलं, "काही जड उचलता का?" भावजय म्हणाली, "हो. धीर."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग माझ्या भाचीचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, फोन आला.

भाची दुसऱ्या गावात परिचारिका आहे. जावई सदा फिरतीवर. तिला कामाच्या पुढच्या शिक्षणासाठी काही आठवडे रात्रंदिवस रुग्णालयात राहावं लागणार होतं, म्हणून मुलीला आजी-आजोबांकडे ठेवायचं ठरलं होतं. मुलीचं नाव काहीही असो, आम्ही तिला भिंगरी म्हणतो. एका जागी थांबणं तिला माहीत नाही. भावानं तिच्यासाठी टेबलाजवळ बुटका स्टूल करून घेतला होता, जुन्या टेपचा तुकडा कापून तिच्या उंचीची टेप केली होती, मऊ चिंध्या वेगळ्या काढून टेबलाखाली भरल्या होत्या. ती यायची म्हटली की हा माणूस आठवडाभर शीळ घालायचा. शीळ त्याला येत नाही. तरी घालायचा.

फोनवर भाची म्हणाली, "बाबा, ती वस्तू घरात असेल तर मी मुलीला आणणार नाही."

"घरात कुठे असते? माझ्या अंगावर असते."

"तेच तर! ती तुमच्या अंगाखांद्यावर चढते, खिसे धुंडाळते. आमच्या वॉर्डात काय काय येतं ते मी रोज बघते बाबा. मला सांगायला लावू नका."

"कुलपात ठेवतो मग."

"ठेवा."

भावानं डावी बगल चाचपली. मग म्हणाला, "कुलपात ठेवलं तर बाळगलं कसं?"

पलीकडून आवाज थंड झाला. "मग बाळगा. मी तिला मैत्रिणीकडे ठेवते."

भावजयीनं पडदा असा सरकवला की कड्या खळखळल्या. फोन त्याच्या हातातून घेतला, पण तोवर भाचीनं ठेवून दिला होता. त्यानंतर नवरा-बायको एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले. "वन्सं, त्यांना विचारा, चहा हवा का, की पिस्तूलच घ्यायचंय घोट घोट." शीळ बंद झाली. स्टूल तसाच रिकामा. मी त्याला म्हटलं, "तुला नातीची किंमत कळत नाही का?" तो म्हणाला, "तिच्यासाठीच तर ठेवतोय. ती इथे असताना कुणी आलं तर?" मी कपाळावर हात मारला. हेच वाक्य फर्निचरवाल्यानं आपल्या मुलांबद्दल म्हटलं होतं, हात वर करून. मी याच खुर्चीत ऐकलं होतं.

मग त्यानं शिंप्याच्या डोक्यानं तोड काढली. पिस्तूल रिकामं केलं. रिकामं पिस्तूल खिशात ठेवलं आणि खिसा शिवून टाकला. दुहेरी दोऱ्यानं, एकाला एक लागून टाके. काढलेल्या गोळ्या उजव्या दुमडीत, शिशातलं थोडं काढून, तिथे शिवल्या. तोलही बिघडला नाही.

"म्हणजे दरोडेखोर आला," मी म्हटलं, "तर आधी डावीकडचं उसवायचं, मग उजवीकडचं, मग ते भरायचं. त्याला बसायला खुर्ची देणार ना?"

"असलं म्हणजे झालं, आक्का. धीर असतो."

भाची स्वतः आली. मुलीला बाहेर उभं करून आत आली आणि खिशावरून बोट फिरवून बघितलं, जखमेचे टाके तपासतात तसं. "टाके चांगले आहेत," ती नाइलाजानं म्हणाली. "पण ऐका बाबा. यातला एक जरी निघाला, तर मी त्याच दिवशी तिला घेऊन जाईन. पुन्हा आणणार नाही. आईची शपथ नको, कुणाचीच नको. निघाला तर मला नुसतं सांगा."

"सांगेन," तो म्हणाला.

भिंगरी राहिली आणि घराला पाय फुटले. तिनं दुकान ताब्यात घेतलं. गळ्यात टेप, कानावर खडू. दारातून जो येईल त्याच्यासमोर उभी राहून, हुबेहूब आजोबांच्या आवाजात, "हात वर करा. श्वास सोडा. खिशात काय आहे ते टेबलावर ठेवा." पोस्टमननं हात वर केले, दूधवाल्यानं केले, मी केले. गुडघ्याचं माप पंचवीस निघालं आणि नाकाचंही. आजोबांच्या सुईत दोरा तीच ओवून द्यायची. त्यांना ओवता येत नव्हता असं नाही, आंधळ्यानंही ओवला असता, पण ते मुद्दाम दोरा भलतीकडे नेऊन "दिसतच नाही बुवा" म्हणायचे.

त्या सकाळी मी माझ्या खुर्चीत होते, भावजय आत, भिंगरी टेबलाखाली चिंध्यांचं घर बांधत होती. टेबलावर एक लग्नाचा कोट बेतून पसरलेला, तसूभर जागा नाही. भाऊ खडूनं खुणा करत होता.

एक अनोळखी माणूस बराच वेळ बाहेर पाटी वाचत उभा होता. किडकिडीत, जुना कोट, हातात कापडाचं पुडकं. मग आत आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पुडकं खाली ठेवलं, कोटात हात घातला आणि पिस्तूल बाहेर काढलं.

आता कळतं सगळं. ते टेबलावर ठेवायचं होतं त्याला, पाटीवर लिहिलंय तसं. पण टेबलावर जागा कुठे होती? म्हणून तो ते हातात घेऊन, कुठे ठेवू अशा नजरेनं इकडेतिकडे बघत उभा राहिला. पिस्तूल हातात घेऊन इकडेतिकडे बघणारा माणूस दुसऱ्याला कसा दिसतो, याची त्याला बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

भाऊ पांढराफटक पडला. एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो आला होता. हात छातीकडे गेला. बोटांना टाके लागले. मग त्यानं तेच केलं जे कुठलाही शिंपी टाके लागल्यावर करेल. टेबलावरची मोठी कात्री उचलली, कोटाची कड उघडली आणि डाव्या बगलेखाली कापायला लागला.

समोरच्याला काय दिसलं असेल? एक म्हातारा, डोळे विस्फारलेले, हातभर कात्री परजतोय. त्याचं पिस्तूल वर आलं. मी उठले. एवढं शिकले, एवढी व्याख्यानं दिली, आणि वेळेला तोंडातून काय निघालं? "अहो!"

तेवढ्यात टेबलाखालून दोघांच्या बरोबर मध्ये एक डोकं वर आलं. गळ्यात टेप, कानावर खडू.

"हात वर करा!"

दोघांनी केले. अगदी झटक्यात. एकाच्या हातात पिस्तूल छताकडे, दुसऱ्याच्या हातात कात्री छताकडे.

"श्वास सोडा."

दोघांनी सोडला. मला तो ऐकू आला. मीही सोडला.

"खिशात काय आहे ते टेबलावर ठेवा." मग टेबल बघून तिनं आजोबांसारखाच विचार केला. "आत्या-आजीकडे द्या."

मी ते दोन बोटांनी घेतलं, कॉलेजात ॲसिडची बाटली धरायचे तसं, तोंड कुणाकडेही नाही असं, आणि शेल्फाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. भिंगरीनं पाहुण्याच्या पोटाला टेप लावली. "पंचवीस."

"अहो, बाहेर लिहिलंय म्हणून..." पाहुणा म्हणाला. हात अजून वरच. "मी विमा विकतो. नवीन आलोय या भागात. इथे सगळेच ठेवतात असं कळलं, म्हणून मीही... तुम्ही कात्री का उचललीत?"

"उसवायला," भाऊ म्हणाला.

"काय उसवायला?"

भाऊ मटकन स्टुलावर बसला, भिंगरीच्या बुटक्या स्टुलावर, गुडघे कानाशी आले. भावजय पडद्याबाहेर येऊन उभी होती. विमावाल्याला मी पाणी दिलं आणि संध्याकाळी यायला सांगितलं. तो आपली वस्तू न्यायला विसरला. मग आठवून परत आला, तेव्हा मी त्याला दाराबाहेरूनच ती पेपरात गुंडाळून दिली, आणि वर दोन शब्द सुनावले ते इथे लिहीत नाही.

भिंगरी आजोबांच्या मांडीवर चढली, कोटात डोकावली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा टाका निघाला."

निघाले होते. वरचे काही टाके कात्रीनं कापले गेले होते आणि फटीतून काळं काहीतरी दिसत होतं. ती बोट घालायला गेली. त्यानं तिचा हात धरला. एवढा घट्ट, की ती "आऽ" म्हणाली.

आता मी जे म्हटलं ते सांगते, कारण ते म्हटलं. "शीव पटकन. मिनिटाचं काम आहे. हिच्या आईला काय कळतंय?" भावजयीनं दोऱ्याचं रीळ पुढे सरकवलं, म्हणजे तिलाही पटलं होतं. पोर घरातून जायला नको, एवढंच आम्हा दोघींच्या डोक्यात.

त्यानं सुई घेतली. दोरा घेतला. दोरा सुईच्या इकडून गेला, तिकडून गेला. नाटक नव्हतं ते. मी त्याला लहानपणापासून बघते आहे, तापातसुद्धा त्याच्या हातून दोरा चुकला नव्हता. भिंगरीला वाटलं, नेहमीचा खेळ. तिनं सुई घेतली, दोरा तोंडात ओला केला, ओवला आणि ऐटीत पुढे केला. "घ्या. दिसतच नाही बुवा!"

तो सुईकडे बघत राहिला. मग तिच्या डोक्याकडे बघितलं. मघाशी ते डोकं कुठे वर आलं होतं, ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. त्यानं सुई टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचली, कात्री घेतली आणि उरलेले सगळे टाके सावकाश उसवले. एकही दोरा न ओढता. अस्तराला धक्का लागू दिला नाही, अस्तर फाडणं त्याला जमलंच नसतं.

त्याच दुपारी तो परवान्याच्या कचेरीत गेला, कोट न घालता. मी सोबत होतेच. अधिकारी म्हणाला, "मास्तर, परत का करताय? काही कारण?"

"स्वसंरक्षणासाठी," भाऊ म्हणाला.

भाचीला त्यानं स्वतः फोन केला. भावजयीनं खुणा करून करून हात दुखवून घेतले, पण त्यानं पाटीपासून पंचवीस मापापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये काहीही गाळलं नाही. मग भाचीनं विचारलं, "म्हणजे टाका निघाला."

"सगळेच काढले. वस्तू देऊन आलो."

"नक्की?"

"आक्का होती बरोबर."

"आत्या, खरं?" मी म्हटलं, खरं. मग नाक ओढल्याचा आवाज. "तिला टोपी घालून ठेवा बाहेर जाताना," ती म्हणाली. "आणि गोड देऊ नका सारखं." भावानं फोन ठेवला आणि ती भयंकर शीळ सुरू केली.

इथे संपायला हवं होतं. पण कोट राहिला ना! तो बेतला होता पिस्तुलासकट. पिस्तूल गेल्यावर डावी बाजू पोकळ पडायला लागली, छातीवर घडी यायची. पुन्हा बेतण्याइतकं कापड आत दुमडलेलं नव्हतं. चार दिवस तो आरशासमोर कुरकुरला. मग त्यानं बटणांची पत्र्याची डबी घेतली, बटणं भरत भरत हातानं वजन अजमावत तिला बरोबर त्या वस्तूएवढी केली आणि खिशात ठेवली. कोट सरळ पडला. गोळ्या तर परत केल्याच होत्या, उजवीकडे आता पुन्हा नुसतं शिसं आहे, पहिल्याइतकं.

विमावाल्यानं रस्ताभर सांगितलं की मास्तरांकडे असं काही आहे की ते काढायला आधी कात्री लागते. फुगीर बगल तर सगळ्यांना दिसतेच. ज्यांच्याकडे नव्हतं तेही आता मापाला येतात, आणि हात वर करून म्हणतात, "तुमच्यासारखा माणूस ठेवतो म्हणजे काहीतरी असणारच ना मास्तर." हा खिसे शिवून देतो. पाटीवर मात्र खाली एक ओळ वाढली आहे. "पिस्तूल असल्यास आधी तोंडी सांगावे."

मी भडकले. "अरे, सांग ना त्यांना की डबी आहे! तुझ्यामुळे घेतायत ते."

"गिऱ्हाइकाच्या खिशातलं आपण बोलत नाही, आक्का."

"हा खिसा तुझा आहे!"

"माप घेतलंय ना मी त्याचं?" तो म्हणाला, अगदी गंभीरपणे. मी पेपर उघडला. या घरात रसायनशास्त्र काही कामाचं नाही.

परवा आम्ही तिघं बागेत निघालो होतो. भिंगरीला मधेच निळं बटण हवं झालं. आजोबा रस्त्यातच गुडघ्यावर बसले, तिनं कोटाची कड उचलली आणि आतल्या खिशात कोपरापर्यंत हात घातला. समोरून दातवाला येत होता. तो जागच्या जागी थबकला, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर गेले, मग त्याचं त्यालाच कळून त्यानं टोपी नीट केल्यासारखं केलं आणि पलीकडच्या फुटपाथवर गेला.

"श्वास सोडा!" भिंगरी त्याच्याकडे बघून ओरडली.